आज्ञेच्या आधीची नीती

मराठवाड्यात जिथे जिथे हरिनाम सप्ताह बसतो, तिथे एकनाथांची एक गोष्ट केव्हा ना केव्हा ऐकू येतेच. नाथ आणि सोबतचे यात्रेकरू काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला निघालेले असतात. वाटेत तापल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडत पडलेले असते. बाकीचे पुढे जातात. नाथ कावड उतरवतात आणि रामेश्वरासाठी शेकडो कोस वाहून आणलेले पाणी गाढवाच्या तोंडात ओततात. ही गोष्ट पैठणला सांगा, की बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या तेलगावच्या मंडपात सांगा, ऐकणाऱ्यांचा निकाल एकच असतो: नाथांनी योग्य केले. हा निकाल लागतो तेव्हा कथेतल्या देवाने अजून तोंडही उघडलेले नसते. ‘माझा रामेश्वर मला इथेच भेटला’ हे नाथांचे उत्तर मागाहून येते. श्रोत्याची मान त्याआधीच डोललेली असते. विधिनियम तर उलट बाजूला उभे असतात, कारण देवासाठी संकल्प केलेले जल वाटेत भलत्याच कामी खर्च करणे म्हणजे संकल्पभंग. मग नाथांचे बरोबर आहे हे श्रोत्याला कशावरून कळले? नीती देवाच्या आज्ञेतून येते की आज्ञेच्या आधीपासून असते, हा जुना प्रश्न या एका कावडीत भरलेला आहे.

हा प्रश्न निघाला की बहुतेक वेळा दुसराच वाद मध्ये शिरतो: देव आहे की नाही? ते दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. देव मनापासून मानणारा माणूसही नीती देवाच्या हुकमातून निघत नाही असे म्हणू शकतो. जोतीराव फुले असेच म्हणत होते. उलट देव न मानणाऱ्यालाही एखाद्या ग्रंथाची आज्ञा म्हणजेच धर्म असे वाटू शकते. आपल्याकडचे मीमांसक तसेच मानत. मूळ पेच अथेन्समध्ये सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने ‘युथिफ्रो’ या संवादात मांडला. एखादे कृत्य देवांना आवडते म्हणून पवित्र ठरते, की ते पवित्र असते म्हणून देवांना आवडते? पहिले उत्तर स्वीकारले, तर देवाने उद्या निरपराध्याचा छळ करा असे सांगितल्यावर छळही पुण्य होईल, आणि ‘देव चांगला आहे’ या वाक्यात काही अर्थच उरणार नाही. देव स्वतःच्या मनाप्रमाणे वागतो एवढेच त्यातून कळेल. दुसरे उत्तर स्वीकारले, तर चांगुलपणाचे माप देवाच्या हुकमाआधीच ठरलेले आहे हे कबूल करावे लागते. इस्लामी परंपरेतही अश्अरी आणि मुअ्तझिला या दोन पंथांत हाच वाद झाला. अल्लाहने चांगले म्हटले म्हणून ते चांगले, ही पहिल्यांची बाजू. चांगले-वाईट बुद्धीला मुळातूनच कळू शकते, ही दुसऱ्यांची. म्हणजे हा पेच एका धर्मापुरता नाही. जिथे आज्ञा आहे तिथे तो आहे.

आपल्याकडे या पेचाने एक निराळेच रूप घेतले. जैमिनीच्या मीमांसासूत्रांनी धर्माची व्याख्याच अशी केली की वेदातल्या विधिवाक्यांनी जे कल्याणकारक म्हणून दाखवले तो धर्म. पण हे विधी सांगणारा कोण? मीमांसकांचे उत्तर थक्क करणारे आहे: कोणीही नाही. वेद अपौरुषेय आहेत, ते ना माणसाने रचले ना देवाने. शबर आणि कुमारिल यांच्या परंपरेला जगाचा कर्ता असा ईश्वर मानण्याची गरजच वाटली नाही. आज्ञा आहे, आज्ञा करणारा नाही. वरवर पाहता त्यामुळे प्लेटोचा पेच टळतो, कारण ज्याच्या लहरीची भीती बाळगावी असा मालकच उरत नाही. तरी अडचण संपत नाही, तिची जागा फक्त बदलते. मालक नसला तरी वाक्य असतेच, आणि वाक्याने काहीही सांगितले तरी ते कल्याणकारकच का मानायचे, हा प्रश्न तसाच राहतो. मीमांसकांना बौद्ध, जैन आणि चार्वाक या तिघांनीही हाच प्रश्न विचारला. त्यांपैकी बौद्ध आणि जैन यांनी वेद व जगत्कर्ता ईश्वर हे दोन्ही नाकारून अहिंसा, सत्य आणि अस्तेय यांची कडक आचारसंहिता उभी केली. या देशात आज्ञेवाचून नीती उभी राहिली होती आणि अडीच हजार वर्षे टिकली. ती टिकू शकते का, हे आता कल्पनेने ठरवावे लागत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. वेद आणि स्मृती प्रमाण मानणाऱ्यांनीही प्रत्यक्ष व्यवहारात आज्ञेला शेवटचा शब्द दिला नाही. तेलगावापासून फार लांब नसलेल्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ या काळात राज्य करीत होता. त्याच्याच आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पुढे जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात हिंदू कुटुंबांच्या वाटण्या याच ग्रंथाच्या आधाराने होत राहिल्या. विज्ञानेश्वरासमोर एक पेच होता. थोरल्या भावाला जास्त वाटा द्यावा, असे सांगणारी शास्त्रवचने त्याला सरळ दिसत होती. ती खोटी आहेत असे तो म्हणाला नाही. तो म्हणाला की शास्त्रात असले तरी हे करू नये, कारण लोकांना ते आता घृणास्पद वाटते. सगळ्या भावांना सारखेच मिळावे. यासाठी त्याने स्मृतीतल्याच एका नियमाचा आधार घेतला: जे लोकविद्विष्ट आहे ते धर्म्य असले तरी आचरू नये. याच विचाराने ‘कलिवर्ज्य’ नावाची एक यादीही तयार झाली. नियोग, अतिथीसाठी गोवध, ज्येष्ठाचा वाढीव भाग अशा एके काळी शास्त्रसंमत असलेल्या कितीतरी गोष्टी कलियुगात वर्ज्य ठरल्या. १९६३ साली भारतरत्न मिळालेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या पंचखंडी इतिहासात या यादीची सविस्तर छाननी केली आहे. ती वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. वचन जिथल्या तिथे राहते आणि त्याची ताकद जाते, कारण माणसांच्या मनाला ते पटेनासे झालेले असते.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो हलका नाही. लोकविद्विष्ट टाळा असे सांगणारे वाक्यही शास्त्रातलेच आहे. मग शास्त्राने स्वतःच सूट दिली, नीती बाहेरून आली असे कसे म्हणता? उत्तर असे की सूट शास्त्राने दिली असेल, पण ती कुठे वापरायची हे शास्त्र सांगत नाही. थोरल्याचा जास्त वाटा घृणास्पद झाला आहे आणि दुसरा एखादा नियम झालेला नाही, हे ठरवायला कोणते वचन उघडायचे? तिथे माणसाला स्वतःच्या न्यायबुद्धीकडेच वळावे लागते. दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. आज्ञा काढून तिच्या जागी ‘लोकांना काय वाटते’ हे बसवले, तर लोक नेहमी बरोबर असतात का? नसतात. कलिवर्ज्याच्या याच यादीत समुद्रप्रवास केलेल्या द्विजाशी व्यवहार न करण्याचा नियमही शिरला आणि एकोणिसाव्या शतकात विलायतेहून परतलेल्यांना प्रायश्चित्त घ्यायला लावण्यापर्यंत पोचला. विधवेचा पुनर्विवाह लोकविद्विष्ट होता. अस्पृश्याने पाणवठ्यावर यावे, हेही लोकविद्विष्ट होते. तेव्हा लोकमत हे नीतीचे माप होऊ शकत नाही, जसे ग्रंथाचे वचन होऊ शकत नाही. दोन्ही तपासावी लागतात आणि तपासणारे तिसरे काहीतरी असावे लागते. त्या तिसऱ्या गोष्टीचा शोध महाराष्ट्राने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात जाहीरपणे घेतला.

जोतीरावांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघाले. जोतीराव निर्मिक मानत होते, म्हणजे आस्तिक होते. पण त्यांच्या मते कोणताही धर्मग्रंथ आदीपासून अंतापर्यंत निर्मिकाची वाणी नाही, आणि स्त्री-पुरुष सगळे जन्मतः सारखेच स्वतंत्र आहेत ही त्यांची कसोटी होती. ग्रंथ त्या कसोटीला उतरायचा. कसोटी ग्रंथातून काढायची नाही. गोपाळ गणेश आगरकर दुसऱ्या टोकाला होते. १८८८ साली ‘सुधारक’ सुरू करणारे, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले आगरकर अज्ञेयवादी होते. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१च्या आसपास महाराष्ट्र ढवळून निघाला, तेव्हा रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे विद्वान कायद्याला शास्त्राधार दाखवत होते. आगरकरांचे म्हणणे असे की शास्त्र अनुकूल असो वा प्रतिकूल, लहान मुलीवर होणारा अन्याय थांबवण्याला बुद्धीला पटणारी कारणे पुरेशी आहेत. निरीश्वर माणूस सोयीपुरता नीतिमान असतो असे म्हणणाऱ्यांना त्यांचे आयुष्य हेच उत्तर आहे. त्यांनी पैशाची वाट सोडली, हालअपेष्टा पत्करल्या, जिवंतपणी स्वतःच्या नावाने निघालेली प्रेतयात्रा सोसली आणि मताला मुरड घातली नाही. मग २५ डिसेंबर १९२७ या दिवशी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. कोणत्याही ग्रंथाची आज्ञा माणसाच्या प्रतिष्ठेहून वरची नाही, हे तिथे शेकडो लोकांच्या डोळ्यांसमोर सांगितले गेले. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या बुद्धविषयक ग्रंथात हा विचार पूर्णत्वाला गेला. तिथे धम्मात देवाला जागा नाही, पण नीती हेच धम्माचे सार आहे. आस्तिक जोतीराव, अज्ञेयवादी आगरकर आणि बौद्ध बाबासाहेब यांची देवाविषयीची उत्तरे तीन, पण अन्याय ओळखण्याची कसोटी एकच आहे.

कोणी म्हणेल, हे पंडितांचे आणि सुधारकांचे झाले; गावगाडा मात्र देवाच्या साक्षीवरच चालत होता. बेलभंडार उचलून शपथ घेतली की माणूस शब्दाला बांधला जाई. वतनाचा तंटा मिटेना तर गोतसभेसमोर दिव्य होई. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची, काही दिवसांनी उघडून हात भाजला आहे का ते पाहायचे आणि त्यावरून निवाडा द्यायचा. हा देवाचाच कौल नव्हे काय? नीट पाहिले तर इथेही देवाला दिलेले काम मर्यादित दिसते. धर्मशास्त्राने आधी कागद, वहिवाट आणि साक्षीदार विचारात घ्यायला सांगितले. मानवी पुरावा नसेल तेव्हाच दिव्य. आणि दिव्याला विचारलेला प्रश्न वस्तुस्थितीचा असे: पाटीलकी याच्या बापाची की त्याच्या बापाची? दुसऱ्याचे वतन लाटणे वाईट आहे की चांगले, हे कोणत्याही गोतसभेने रवा काढून ठरवले नाही. ते सगळ्यांना ठाऊक होते, म्हणूनच तंट्याला तंटा म्हणत. शपथेचेही तसेच आहे. बेलभंडारामुळे दिलेला शब्द जड होतो, पण शब्द पाळावा हे बेलभंडार शिकवत नाही. ते आधी माहीत नसेल तर शपथेला काही अर्थच राहत नाही.

आज्ञेवर उभ्या राहिलेल्या नीतीची सगळ्यांत मोठी अडचण याच्याही पुढची आहे: आज्ञा देवाचीच आहे हे ओळखायचे कसे? महाराष्ट्राला हा प्रश्न पुस्तकातून भेटलेला नाही. गुप्तधनासाठी, पुत्रासाठी, भरभराटीसाठी देवाने बळी मागितला आहे असे सांगणारे मांत्रिक इथे होते आणि आहेत. अशी बातमी आली की अत्यंत भाविक माणूसही पहिल्याच क्षणी म्हणतो, देव असे कधी सांगणारच नाही. कशावरून? त्याने ग्रंथ उघडलेला नसतो, देवाला विचारलेलेही नसते. लेकराचा गळा कापणे वाईट आहे हे त्याला आधी कळलेले असते, आणि त्यावरून तो ही आज्ञा देवाची नाही असे ठरवतो. म्हणजे आज्ञेवरून नीती ओळखली जात नाही, नीतीवरून आज्ञा ओळखली जाते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धाविरोधी चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा केला. या कायद्यात देव आहे की नाही यावर एक अक्षर नाही, आणि वारी, कीर्तन किंवा प्रार्थना यांच्याही वाटेला तो जात नाही. एखाद्याने कृत्य कोणाच्या नावाने केले हे तो विचारात घेत नाही. त्या कृत्याने माणसाला काय भोगावे लागले, तेवढे पाहतो. दाभोलकरांची समिती वर्षानुवर्षे देव-धर्माला नव्हे, शोषणाला विरोध असल्याचे सांगत आली. तात्त्विक भाषेत त्याचा अर्थ इतकाच की श्रद्धेचा हक्क मान्य, पण श्रद्धेच्या नावाने केलेल्या कृत्याला वेगळे माप नाही.

तरीही सामान्य माणसाचा सगळ्यांत खरा आक्षेप राहतोच: देवाची भीती गेली तर अंधारात कोण सरळ वागेल? हा आक्षेप तत्त्वाचा कमी आणि अनुभवाचा जास्त आहे, म्हणून त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे, आणि ते आकडे बीड जिल्ह्याचेच आहेत. परळीचा वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, बीडचा कंकालेश्वर, नारायणगड, गावोगावचे सप्ताह आणि दिंड्या असलेल्या या जिल्ह्यात २००१च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ला त्या ८०७ उरल्या. राज्यात सर्वांत कमी. त्या दहा वर्षांत जिल्ह्यातली भक्ती आटली होती असे म्हणायला काहीच आधार नाही. सोनोग्राफीच्या खोलीत देवाचा फोटो असला म्हणून काही अडले नाही. पुढे सुधारणा झाली ती गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्याची अंमलबजावणी कडक झाल्यावर, केंद्रांच्या तपासण्या आणि खटले सुरू झाल्यावर, मुलीच्या जन्माविषयी उघड बोलणे वाढल्यावर. यावरून श्रद्धेने माणूस बिघडतो असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पाप केले ते श्रद्धेने नव्हे, हुंड्याच्या धास्तीने आणि मुलाच्या हव्यासाने. निष्कर्ष एवढाच निघतो की श्रद्धा पुरेशी नव्हती. ‘ती खरी श्रद्धाच नव्हती’ असे कोणी म्हणाले, तर त्यानेही आपल्याच बाजूचे सांगितले. खरी श्रद्धा कोणती हे त्यानेही वागणुकीवरूनच ठरवले.

मग नीती येते कुठून? देवाला बाजूला ठेवले की ती हवेत लटकते, असे मानण्याचे कारण नाही. ती माणसांच्या एकत्र जगण्यात रुतलेली आहे. पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्याने माजलगाव धरणात पाणी येते, परिसरात ऊस होतो आणि तेलगावाला साखर कारखाना उभा आहे. तरीही याच जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर निघून जातात. मुकादम उचल देतो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि हंगामभर काम करून ती उचल फेडायची. हा सगळा व्यवहार बहुतांशी तोंडी शब्दावर चालतो. टोळीत आजारी पडलेल्या जोडीची मोळी कोणी उचलायची, कोपीवरच्या लेकरांवर लक्ष कोणी ठेवायचे, खाडा झाला तर कोणाचे किती कापायचे, यांची उत्तरे कोणत्याही ग्रंथात मिळत नाहीत. पण अमक्याने वाटा बुडवला, तमक्याने फसवले, हे टोळीत कळायला वेळ लागत नाही. ज्यांना एकमेकांवाचून चालत नाही त्यांच्यात ही जाण उपजते. तिची मुळे माणसाच्याही खाली जातात. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शेजारच्या माकडाला त्याच कामासाठी द्राक्ष मिळाल्याचे पाहून काकडी मिळालेल्या कॅपुचिन माकडांनी ती वारंवार नाकारली. ही अजून नीती नव्हे. पण ज्या मातीत नीती उगवते ती माती ही आहे.

माती म्हणजे पीक नव्हे, आणि इथे एक सावधगिरी हवी. टोळीतली माणसे एकमेकांशी न्यायाने वागतील आणि टोळीबाहेरच्याला लुबाडतीलही. सहजभावनेला मशागत लागते, आणि ती विचाराने होते: माझ्या जागी तो आणि त्याच्या जागी मी असतो तर? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला की उचलीचा व्यवहारही वेगळा दिसू लागतो. घेतलेली उचल फेडावी हे खरे; शब्द हा शब्द. पण शब्द देणाऱ्याला दुसरा पर्यायच नसेल, हिशेब एकाच बाजूच्या वहीत असेल आणि कर्ज पिढीजात होत असेल, तर देवासमोर घेतलेली शपथही त्याला बांधू शकते का? भारतीय कायद्याने १९७६ साली वेठबिगारीची पद्धत संपवताना त्यातून लादलेली कर्जेच रद्द केली. शपथ घेतली होती की नव्हती, देवळात घेतली की शेतात, याची चौकशी केली नाही. इथे विज्ञानेश्वराचा मार्ग पुन्हा दिसतो, फक्त एक पाऊल पुढे. त्याने लोकांच्या घृणेला विचारले होते. या कायद्याने भोगणाऱ्या माणसाच्या स्थितीला विचारले. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखाच जन्मसिद्ध वाटा दिला, तेही असेच पाऊल होते. अजून किती बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात हे तहसिलात दिसते. पण बहिणीचा वाटा नाकारणे रास्त आहे असे आता कोणाला उघडपणे सिद्ध करता येत नाही.

आस्तिक तत्त्वज्ञांचा शेवटचा आणि सर्वांत चतुर युक्तिवाद असा: देव लहरीने आज्ञा देत नाही. त्याचा स्वभावच करुणा आणि न्याय आहे, आणि आज्ञा त्या स्वभावातून निघतात, म्हणून प्लेटोचा पेच लागूच होत नाही. पण मग विचारावे लागते की करुणा चांगली आहे ती देवाचा स्वभाव आहे म्हणून, की देवाचा स्वभाव चांगला आहे तो त्यात करुणा आहे म्हणून? पहिले उत्तर दिले तर देवाचा स्वभाव क्रूर असता तर क्रौर्य चांगले ठरले असते. दुसरे दिले तर करुणेचे मोल स्वतःचेच ठरले. पेच एक पायरी मागे सरकला, सुटला नाही. याच्या उलट बाजूला, बुद्धी चुकते, विसाव्या शतकात निरीश्वर राजवटींनीही लाखो माणसे मारली, हे खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. पण ते चूक होते हे आपण कोणत्या साधनाने ओळखतो? त्याच न्यायबुद्धीने. चुकणारे साधन टाकून द्यायचे तर दुसरे न चुकणारे साधन हाती हवे. आज्ञा ते होऊ शकत नाही, कारण आज्ञा वाचणारा, तिचा अर्थ लावणारा, तिची खातरजमा करणारा माणूसच असतो.

याचा अर्थ देवाला नीतीच्या घरातून हाकलून द्यायचे असा नाही. वारीला जाणाऱ्याला पांडुरंगाच्या आठवणीने दारू सोडण्याचे बळ मिळते, दुःखात धीर येतो, शेजाऱ्याला माउली म्हणताना जातीचा ताठा थोडा उतरतो. हे सारे खरे आहे आणि त्याची टिंगल करण्यासारखे त्यात काही नाही. भक्ती चांगले वागण्याला जोर देते. चांगले म्हणजे काय हे मात्र तिला दुसरीकडून घ्यावे लागते, आणि संतांना ते ठाऊक होते. म्हणूनच नाथांच्या गोष्टीत देव तहानेच्या बाजूने उभा राहतो, विधीच्या बाजूने नाही. देवाला मोठे करण्यासाठी कथेला त्याला आधी न्यायी करावे लागले. राज्यघटना घडवणाऱ्यांनीही हा विवेक पाळला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत ह. वि. कामथ यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. तिच्या बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. विरोध करणाऱ्यांत देव मानणारे अनेक होते. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना कोणाच्या नावाची सही लागत नाही, एवढे त्यांना पुरेसे वाटले. आमदार आजही ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घेतात किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करतात, आणि दोघांची कर्तव्ये एकच असतात. माजलगावच्या न्यायालयात जबानीसाठी उभ्या राहणाऱ्या साक्षीदारालाही १९६९च्या शपथ कायद्याने तीच मोकळीक आहे: देवाची शपथ घ्यावी, नाहीतर तिच्याऐवजी प्रतिज्ञा करावी. पुढे तो खोटे बोलला, तर शिक्षा दोन्ही बाबतींत सारखीच आहे.